ऑपेरा गायन की मानसशास्त्रातील संशोधन : पुतणीने काय ठरवावे?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार. माझी पुतणी जळगावच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. लहानपणापासून ती चर्चच्या गायकवृंदात गाते आणि मुंबईत एक मैफल ऐकल्यापासून ऑपेरा (पाश्चात्त्य संगीतनाट्य) गायिका होण्याचे तिने मनावर घेतले आहे. तिच्या प्राध्यापकांचा आग्रह मात्र तिने पीएच.डी. करून संशोधनात जावे असा आहे. आमच्या घरात या दोन्ही क्षेत्रांतले कोणी नाही. एका वाटेसाठी दुसरी आताच सोडावी लागेल का, आणि कोणत्या वाटेवर मिळकत कधी सुरू होते, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

षड्ज (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

भाऊ, आताच काही सोडण्याची गरज नाही, असे मला ठामपणे वाटते. ऑपेराचा आवाज उशिरा पिकतो. तो साधारण पंचविशीच्या पुढे स्थिरावू लागतो आणि भारदस्त आवाजांना त्याहूनही अधिक वेळ लागतो. विसाव्या वर्षी मोठ्या भूमिका गाण्याची घाई केल्यास गळ्याला इजा होण्याचीच शक्यता अधिक असते.

हे गाणे आपल्या गाण्यापेक्षा मुळातच वेगळे आहे, हे तिने नीट समजून घ्यावे. आपल्याकडे गायक स्वतःच्या गळ्याला मानवेल ती पट्टी निवडतो. ऑपेरात स्वर संगीतकाराने लिहून ठेवलेले असतात, म्हणून सोप्रानो, मेझो (स्त्रियांचे उंच व मधले आवाज), टेनर, बॅरिटोन किंवा बास (पुरुषांचे उंच, मधले व खालचे आवाज) या आवाजाच्या जातीवरून कोणाला कोणती भूमिका मिळणार ते ठरते. शिवाय परंपरेने तिथे मायक्रोफोन वापरत नाहीत. पूर्ण वाद्यवृंदाच्या वर एकटा आवाज ऐकू कसा येतो, याचा अभ्यास स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी केला. वाद्यवृंदाच्या आवाजाचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या) आसपास असतो, तर तयार गायकाच्या आवाजात 3000 हर्ट्झच्या जवळपास एक जादा झळाळी येते, आणि तिथे वाद्यांचा जोर कमी असल्याने तो आवाज सभागृहाच्या मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो. उंच स्वरांवर सोप्रानो मात्र जबडा अधिक उघडून तोंडाची पोकळीच स्वराला जुळवून घेते. ही तयारी जाणत्या शिक्षकासमोर बसून, हळूहळू आणि जोर न लावता करावी लागते.

तोवर तिने पियानोची प्राथमिक ओळख, स्वरलेखन पाहून थेट गाण्याचा सराव आणि इटालियन भाषा एवढे सुरू करावे. जर्मन व फ्रेंच नंतर शिकता येतील. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो यांनी लंडनच्या गिल्डहॉल या संगीत विद्यालयात शिक्षण घेऊन आंतरराष्ट्रीय कारकीर्द घडवली, हे तिला आवर्जून सांगा.

अध्यापक (धुळे)

मी मानसशास्त्र शिकवतो. संशोधनाच्या वाटेवर पायऱ्या ठरलेल्या आहेत : एम.ए., त्यानंतर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), मग पीएच.डी. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. या छात्रवृत्तीसाठी वयोमर्यादा 30 वर्षे असून स्त्रियांना पाच वर्षांची सूट आहे. म्हणजे इथेही तिच्या हातात बराच अवधी आहे.

एक खुलासा आवश्यक वाटतो, कारण पालकांचा इथे नेहमी घोटाळा होतो. संशोधक होणे आणि रुग्णांवर उपचार करणारा चिकित्सक होणे या वेगळ्या गोष्टी आहेत; चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले स्वतंत्र प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, ती केवळ पीएच.डी.ने मिळत नाही.

तिचे गाणे संशोधनाच्या आड येणार नाही, उलट विषय पुरवील. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांच्या सरावावर लिहिलेला निबंध आजही चर्चेत आहे. रंगमंचावरील भीतीवर काम करायचे झाल्यास गाणारी संशोधक नेमके प्रश्न विचारू शकते. आणि घरी अहिराणी, शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलांची स्मरणशक्ती व आकलन हा विषय तर खान्देशातल्या संशोधकाने हाती घ्यावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

सातपुडा (शहादा)

वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु मिळकतीच्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच आले आहे. भारतात केवळ ऑपेरा गाऊन घर चालवणे फार कठीण आहे. कारण नियमित ऑपेरा करणारी पगारी मंडळीच इथे जवळपास नाहीत. जर्मनीत सरकारी अनुदानावर चालणारी अनेक ऑपेरागृहे गायकांना वेतनावर ठेवतात, इतरत्र बहुधा एकेका प्रयोगापुरता करार होतो, आणि दोन्हीकडे प्रवेश स्वरचाचणीतूनच असतो. परदेशी शिक्षणाचा खर्च शिष्यवृत्तीशिवाय पेलेल का, याचा हिशेब कुटुंबाने आजच मांडावा. शेती तारण ठेवून हा निर्णय घेऊ नये, असे मी कळकळीने सांगतो.

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांचा आभारी आहे. बी.ए. आणि एम.ए. पूर्ण करत असताना आवाजाची तयारी चालू ठेवावी, असे मी तिच्याशी बोलेन. भुसावळहून मुंबईला महिन्यातून एकदाच जाणे शक्य झाले, तर तेवढ्यावर शिक्षण होईल का?

षड्ज (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

सुरुवातीला होईल, मात्र मधल्या आठवड्यांत त्याच शिक्षकाकडे ऑनलाइन धडा ठेवावा. स्वर, ताल आणि उच्चार दूरवरूनही तपासता येतात. आवाज खोलीत कसा पसरतो हे मात्र समोर बसूनच कळते, म्हणून महिन्याची ती फेरी चुकवू नये. शिक्षक निवडताना ते पाश्चात्त्य अभिजात गायनच शिकवतात ना, याची आधी खात्री करून घ्यावी.