मदत हवी आहे: जामीनदाराची मोटारसायकल पतसंस्थेच्या जप्तीतून वाचवता येईल का?

माझे वडील तालुक्याच्या गावी वायरमनचे काम करतात. 2019 मध्ये त्यांच्या एका मित्राने गावातल्या पतसंस्थेकडून दोन लाखांचे कर्ज घेतले, तेव्हा ते जामीनदार राहिले. मित्राने काही हप्ते भरले आणि मग गाव सोडले. संस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली वसुली दाखला (थकीत रक्कम वसूल करण्याचा अधिकृत आदेश) मिळवला असून त्यात वडिलांचेही नाव आहे. गेल्या आठवड्यात याच अधिनियमाचे कलम 156 आणि त्याखालच्या नियमांपैकी जप्ती-विक्रीची पद्धत सांगणारा नियम 107 यांचा उल्लेख असलेली मागणी नोटीस आली. तिची मुदत येत्या सोमवारी संपते. तरीही काल वसुली अधिकारी दोन माणसांना घेऊन दारात आले आणि मोटारसायकल उचलून नेण्याची भाषा करून गेले. ते जाईपर्यंत आईने गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

पैसे बुडवायचे आमच्या मनात नाही. करार अधिनियमाच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे ‘आधी मित्राला गाठा’ असे म्हणून सुटका होत नाही, हे आम्हाला मान्य आहे. दरमहा हप्त्याने रक्कम फेडण्याची वडिलांची तयारी आहे. पण तो हप्ता ज्या कामातून यायचा, ते काम याच गाडीवर चालते: हँडलला पक्कड-टेस्टरची पिशवी, टाकीवर ड्रिल मशीनची पेटी, मागे वायरची बंडले, असे ते रोज वाड्यावस्त्यांवर फिरतात, आणि तिकडे एसटी दिवसातून दोनदाच जाते. गाडीवर कोणाचे कर्ज नाही. फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा केव्हाच उतरवला आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये कारागिराची अवजारे जप्तीतून वगळली आहेत. वायरमनची मोटारसायकल ‘अवजार’ ठरू शकते का, आणि वसुली न्यायालयामार्फत नसून नियम 107 खाली असताना या कलमाचा आधार घेता येतो का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. जप्तीवरील हरकतीची चौकशी याच नियमानुसार वसुली अधिकाऱ्यानेच करायची असते. तेव्हा अर्जासोबत ग्राहकांच्या पावत्या आणि वायरमनचा परवाना जोडणे पुरेसे होईल का? दाखल्यालाच आव्हान द्यायचे, तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154 खालील पुनरीक्षण (फेरतपासणी) अर्जासाठी येणे रकमेच्या 50 टक्के आधी भरावे लागतात. व्याजासह मागणी 2,90,000 रुपयांची आहे, म्हणजे 1,45,000 रुपये, आणि एवढी रक्कम आमच्याकडे खरोखरच नाही.

गाडी मामांच्या नावावर करून टाका, असा सल्ला नातेवाईक देत आहेत. नोटीस हातात पडल्यावर असे करणे मला लबाडीचे वाटते आणि वडिलांनाही ते पटलेले नाही, त्यामुळे कृपया तो मार्ग सुचवू नये.

ज्यांनी अशी हरकत स्वतः दाखल केली आहे, त्यांनी अर्जाची भाषा कशी ठेवली आणि हप्त्यांचा लेखी प्रस्ताव त्याच अर्जात दिला की वेगळा, हे सोमवारपूर्वी सांगितल्यास फार मदत होईल.