बोअरच्या पाण्याला वास येतोय, शेजारचा शोषखड्डा १४ फुटांवर आहे. अर्ज कुणाकडे करू?

जुळेसोलापूरची_आजी

नमस्कार. आम्ही २००३ पासून जुळे सोलापुरात राहतो. अंगणात २१० फुटांचा बोअर आहे. नळाला पाणी येतं त्या दिवशी प्यायचं भरून ठेवतो. बाकी भांडी, आंघोळ, भाजी धुणं सगळं बोअरवर. २०१६ च्या उन्हाळ्यात उजनी तळाला गेली होती, तेव्हा गल्लीतल्या सात घरांनी आमच्याकडून घागरी भरून नेल्या. इतका त्या पाण्याचा आधार होता.

गेल्या वर्षी शेजारच्या प्लॉटवर तीन मजली इमारत उभी राहिली. सहा बिऱ्हाडं आहेत. त्यांचा शोषखड्डा आमच्या कंपाउंडच्या भिंतीला चिकटून आहे. मी टेप लावून मोजलं, बोअरपासून १४ फूट. मृगाचे दोन-तीन पाऊस झाले आणि सकाळच्या पहिल्या बादलीला वास यायला लागला. गटारीचा म्हणावा असा नाही, पण ओल्या चिंध्या दडपून ठेवल्यावर येतो तसा. नातू दोन वर्षांचा आहे. महिन्याभरात दोनदा जुलाब झाले, दुसऱ्या खेपेला सलाईन लावावं लागलं. प्यायचं पाणी सूनबाई उकळूनच देते. पण कोथिंबीर बोअरच्या पाण्यात धुतली जाते, आंघोळीत पोराच्या तोंडात पाणी जातं.

शेजाऱ्यांशी बोलले. ते म्हणाले, आमची टाकी पक्की आहे, तुमचा बोअर जुना झालाय. मला भांडण नको आहे. त्यांची धाकटी रोज संध्याकाळी आमच्याकडे पाढे म्हणायला येते. पण गप्पही बसवत नाही. पाणी कुठे तपासतात? अर्ज कुणाच्या नावाने करायचा? आणि हा बोअर आता कायमचा गेला का?

बाटली_नमुना

आजी, नातू आता कसा आहे ते आधी कळवा. जुलाब पुन्हा झाले तर लगेच ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना बोअरच्या पाण्याबद्दल सांगा.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काम केलं. भांडण टाळायचं असेल तर आधी कागद हातात हवा. जिल्हा प्रयोगशाळेत खाजगी नमुनाही शुल्क भरून देता येतो. घरची धुतलेली बाटली चालणार नाही. जंतू तपासणीची निर्जंतुक बाटली तिथूनच आणा. मोटार पाच मिनिटं चालू ठेवा, नळाच्या तोंडाला जाळ दाखवा, बाटलीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. तोवर बोअरमध्ये टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकू नका. लोक घाबरून आदल्या रात्री टाकतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

दोन तपासण्या मागा, जंतूंची आणि रासायनिक. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिली पाण्यात ई-कोलाय हा आतड्यातला जंतू एकही चालत नाही. तो सापडला तर विष्ठा पाण्यात मिसळतेय, दुसरा अर्थ नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. हे उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. घरात सहा महिन्यांच्या आतलं तान्हं बाळ असेल तर त्या पाण्यात दुधाची पावडर अजिबात कालवू नका. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडतं.

अंतराचं म्हणाल तर सेप्टिकचं पाणी जिथे जमिनीत मुरतं ती जागा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत किमान १८ मीटर, म्हणजे ६० फूट हवेत. तेही माती चांगली असेल तर. आपल्याकडे वर थोडी काळी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला काळा दगड. मातीत पाणी गाळलं जातं, भेगेतून ते सरळ पळतं. २१० फूट खोली ऐकून निर्धास्त राहू नका. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाईप, किती फूट आहे ते महत्त्वाचं. ते संपतं तिथून पुढची प्रत्येक भेग तुमच्या बोअरमध्ये उघडते.

शेळगीकर

आजी, आमच्याकडे असंच झालं होतं, म्हणून सांगतो बगा. महापालिकेत दोन नावं सारखी वाटतात आणि माणूस तिथंच चकतो. आरोग्य विभाग वेगळा, सार्वजनिक आरोग्य अभियंता वेगळा. घाण, दुर्गंधी, साथ यासाठी तुमच्या झोन ऑफिसचे आरोग्य निरीक्षक. ड्रेनेज लाईन आणि तिची जोडणी सार्वजनिक आरोग्य अभियंत्यांकडे. दोघांना वेगवेगळा अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोबत अहवाल आणि टेप दिसेल असा फोटो जोडा.

आणि एक बघून घ्या, तुमच्या रस्त्यावर ड्रेनेजचं चेंबर आहे का? आमच्या गल्लीत लाईन येऊन चार वर्षं झाली होती, तरी निम्मी घरं शोषखड्ड्यावरच होती. कुणी विचारलंच नव्हतं. लाईन असेल तर भांडणाचं कारणच उरत नाही की.

एक हात जोडून सांगणं. टाकी उपसायची वेळ आली तर मैला उपसणारी गाडीच बोलवा. कमी पैशात माणूस उतरवतो म्हणणारे येतील. टाकीतल्या वायूने माणूस दोन मिनिटांत जातो, त्याला काढायला उतरलेलाही जातो. २०१३ च्या कायद्याने हे बंद आहे. अशा मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलाय. पण गेलेला माणूस पैशानं येत नाही. आमच्या ओळखीतलं एक घर त्यात उघडं पडलंय, म्हणून कळकळीनं लिहितोय.

जुळेसोलापूरची_आजी

नातू बरा आहे, खेळतो आहे. विचारलंत, बरं वाटलं.

यांच्या जुन्या वहीत बोअरचा हिशोब सापडला. केसिंग फक्त २० फूट. अहवाल काल आला. ई-कोलाय आढळला, नायट्रेट ६१.

अर्ज लिहून ठेवले, पण देण्याआधी कागद घेऊन शेजारी गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि तिथेच खाली बसल्या. मला माहीतच नव्हतं, त्यांचाही बोअर आहे, जिन्याखाली, त्याच खड्ड्यापासून २५ फुटांवर. सहाही बिऱ्हाडं ते पाणी वापरतात आणि दोन घरांत तर पितात. त्यांच्या धाकटीला, पाढेवालीला, मे महिन्यापासून पोटात दुखतं. जंताचं औषध देऊन झालं होतं. आता त्यांच्याही बोअरचा नमुना दिला आहे, आणि त्या दिवसापासून इमारतीत प्यायला नळाचंच पाणी.

चेंबर आहे! गल्लीच्या तोंडाशी, त्यांच्या फाटकापासून साधारण १२० फूट. अर्ज आता एकच केला आहे, दोन्हीकडे, आमची एक आणि त्यांच्या सहा सह्या. शिक्का घेतला. गाडी बोलावून टाकी उपसली, कुणी आत उतरलं नाही. रस्ता खोदायच्या परवानगीची वाट बघतोय. खर्च ते सहा जण वाटून घेणार होते, मी सातवा वाटा घेतला. पाणी माझंही आहे.

मोटार सध्या बंद ठेवली आहे. जोडणी झाल्यावर बोअरचं काय करू?

बाटली_नमुना

आधी जोडणी होऊ द्या, आणि शोषखड्डा उपसून मुरमाने बुजवून घ्या. तो उघडा राहिला तर पावसाचं पाणी मुरतच राहील. मग टीसीएल बादलीत कालवून निवळू द्या आणि वरचं निवळ तेवढंच बोअरमध्ये सोडा. घरातल्या प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत मोटार चालवा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत उपसून टाका. ते पाणी तुळशीला घालू नका. आठवड्याने पुन्हा नमुना द्या.

जंतू लवकर जातील. नायट्रेटला एखाद-दोन पावसाळे लागू शकतात, तोवर बोअर फक्त धुण्याभांड्याला, आणि भांडी शेवटी नळाच्या पाण्यातून काढा. पाढेवालीच्या बोअरचा अहवाल आला की इथे टाका, मी वाट बघतोय.