मदत हवी आहे: जुलैअखेर कायमचे सांगलीला येतोय, बिऱ्हाड गावभागात टाकावं की विश्रामबागेत?

नमस्कार मंडळी,

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं लीड्सचं बिऱ्हाड हलवून कायमचे सांगलीला येतोय. तिकिटं झाली, दोघांनीही राजीनामे दिले, घरमालकाला कळवून झालं. आता जेमतेम दीड महिना उरलाय आणि मुख्य गोष्टच ठरत नाहीये, ती म्हणजे उतरायचं कुठे. इथे सांगली-मिरजेचे बरेच जण आहेत, परदेशातून परत आलेलेही आहेत, म्हणून सगळं सविस्तर मांडते.

सासरचं घर गावभागात आहे, कृष्णेच्या घाटापासून चालत पाच मिनिटांवर. सासरे ७९ वर्षांचे, सासूबाई ७५ च्या. परत यायचं खरं कारण हे दोघंच. गेल्या हिवाळ्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि मनगट मोडलं. शेजारच्या काकूंनी त्यांना मिरजेला नेलं, आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून इथे मन लागेना. मी एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत नर्स आहे. रोज दुसऱ्यांच्या आईवडिलांना उठवते-बसवते आणि घरची माणसं शेजाऱ्यांच्या भरवशावर, हे सहन होत नाही.

अडचण पुराची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर सासऱ्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली. नंतर रंग दिला, पण त्या रेघेखालचा गिलावा दर पावसाळ्यात फुगतो आणि पापुद्रे सुटतात. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेही जुलैच्या अखेरीस, म्हणजे नेमके आम्ही उतरणार त्याच दिवसांत. दोन्ही वेळा त्यांना नदीपासून लांब, विश्रामबागेत मामेसासऱ्यांकडे न्यावं लागलं. सासरे शेवटपर्यंत हलायला तयार नव्हते.

नवऱ्याचं म्हणणं, वर दोन खोल्या आहेत, त्या नीट करू आणि सगळे एकत्र राहू. माझं म्हणणं, पहिलं वर्ष विश्रामबागेत भाड्याने फ्लॅट घेऊ. सासूबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "इतक्या लांबून येताय ते वेगळं राहायला?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांना दुखवायचं नाहीये. पण दहा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सामानाची खोकी घेऊन भर पावसाळ्यात नदीकाठी राहायचं धाडसही होत नाही.

सामान जहाजाने पाठवायचंय आणि पॅकिंगवाल्यांना या आठवड्यात पत्ता द्यायचाय. काय आणावं, काय इथेच देऊन टाकावं?

मग शाळा. मुलगी इयर फाइव्हला आहे, मुलगा रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या अगदी पहिल्या वर्गात. मुलीचा जन्म मिरजेचा, पासपोर्ट भारतीय. धाकटा झाला तेव्हा आमचं आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) झालेलं होतं, त्यामुळे तो जन्मतः ब्रिटिश, त्याचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) काढलंय. मुलगी घरात मराठीच बोलते, पण वाचताना जोडाक्षर आलं की थांबते. परवा मामेसासऱ्यांनी पाठवलेल्या फोटोतली 'विश्रामबाग' ही पाटी वाचताना 'वि'च्या पुढे अडली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सासऱ्यांना ती मराठी माध्यमात जावी असं वाटतं. मलाही आतून तेच वाटतं, पण तिची फरफट होईल का? शिवाय सांगलीच्या शाळा आत्ताच सुरू झाल्यात.

पैशांचंही कुणीतरी नीट सांगा. भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांची) खाती आहेत, इथे आयसा (करमुक्त बचत खातं) आहे, माझी एनएचएस पेन्शन आहे. आणि आयएलआर. दोन वर्षं बाहेर राहिलो की ते जाणार, हे कळतंय, तरी रात्री तोच विचार येतो.

स्पष्ट लिहा, वाईट वाटणार नाही.

कृष्णाकाठची


प्रतिसाद: हळदपेठ

ताई, मी गावभागातच वाढलो, आता विश्रामबागेत राहतो. दोन्ही पूर डोळ्यांनी पाहिलेत. स्पष्ट विचारलंत म्हणून सांगतो, जुलैअखेर मुलं आणि खोकी घेऊन गावभागात उतरू नका. कायमचं वेगळं राहा असं मी म्हणत नाही. पावसाळा निघू दे.

सांगलीत पाऊस नसतानाही पाणी चढतं, हे बाहेर राहिलेल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. पाऊस कोसळतो वर महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला. कोयनेतून विसर्ग वाढवतात, तिकडून वारणा हरिपूरच्या संगमावर फुगलेली असते, आणि कृष्णेला पुढे सरकायला वाव उरत नाही. डोक्यावर स्वच्छ ऊन आणि घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली, असं होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या बाजूला तर धोका पातळीच्या बऱ्याच आधी पाणी शिरतं.

म्हणून पहिलं काम सासऱ्यांना विचारायचं: आयर्विनला किती फूट असताना आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं? गावभागातल्या जुन्या माणसांना हा आकडा पाठ असतो. तो आकडा घरातल्या सगळ्यांना माहीत हवा, तुमच्या मुलीलासुद्धा. त्याच्या पाच फूट आधी, दिवसाउजेडी, चालत बाहेर पडायचं. बोटीची वाट बघायची नाही. वरचा मजला आहे म्हणून थांबू, हा विचार सर्वांत घातक. वर पाणी येत नाही हे खरं, पण वीज जाते, प्यायला पाणी नाही, संडास खाली, आणि म्हातारं माणूस आजारी पडलं तर न्यायचं कसं?

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. मामेसासऱ्यांनाच सांगून विश्रामबागेत तीन खोल्यांचं घर अकरा महिन्यांच्या करारावर घ्यायचं. लिफ्ट बघायची. त्यातली एक खोली पहिल्या दिवसापासून सासू-सासऱ्यांची. पावसाळ्यात ते तुमच्याकडे, दिवाळीनंतर तुम्ही सगळे गावभागात. तोवर तिथे वरच्या मजल्यावर न्हाणीघर-संडास बांधून घ्या, भिंतीला धरायला दांड्या बसवा, मीटर आणि बटणं वर चढवा. असं मांडलं की ते वेगळं राहणं होत नाही. आणि हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, त्यांच्या मुलाने सांगावं.


प्रतिसाद: तंतुवाद्य

मी रेडिंगहून मिरजेला परत आले, मुलं तुमच्याच मुलांच्या वयाची होती. शाळेचं आणि सामानाचं सांगते.

इंग्लंडच्या शाळेत आपल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला नसतो. मागितल्याशिवाय काही मिळणार नाही आणि २० जुलैच्या आसपास शाळा बंद झाली की ऑफिसात कुणी भेटत नाही. म्हणून याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र घ्या. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, इयत्ता आणि शेवटचा दिवस एवढं हवंच. वार्षिक रिपोर्टही सोबत घ्या. धाकट्याच्या जन्मदाखल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याच्या लीगलायझेशन ऑफिसकडून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा शिक्का) करून आणा. सांगलीत बसून हे काम करायचं म्हणजे कागद पुन्हा विलायतेला पाठवायचे.

इयर फाइव्ह संपलं म्हणजे मुलगी पाचवीत बसेल. मुलगा मोठ्या गटात जाईल, त्याची काळजी सोडा. शाळा सुरू झाल्या म्हणूनही घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्यात उशिरा आलेल्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आधारचं मात्र दोघांचं वेगवेगळं आहे. मुलीचा भारतीय पासपोर्ट आहे, तिचं आल्या आल्या काढता येईल. ओसीआय असलेल्या मुलाला आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याशिवाय मिळत नाही. शाळेच्या ऑफिसात हे माहीत नसतं. शांतपणे समजावा आणि पासपोर्ट, ओसीआयच्या प्रती देऊन या.

माध्यमाबद्दल माझं मत ठाम आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक आहे, त्यामुळे जोडाक्षरं कुठेही सुटणार नाहीत. पण पाचवीत अचानक विज्ञान आणि गणित मराठीतून म्हणजे हुशार मुलगीही वर्गात गप्प बसायला लागते. माझ्या मोठीचं तसं झालं, सहा महिने तिने हात वर केला नाही. तुमच्या मुलीला सेमी इंग्रजीत घाला. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, आणि वर्गातल्या मुली मराठी बोलणाऱ्या. धाकट्याला मात्र निर्धास्त मराठीत घाला, तो दोन महिन्यांत तुमच्या चुका काढेल. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिसरी-चौथीचं मराठी आत्ताच उतरवून घ्या आणि आजोबांना रोज व्हिडिओ कॉलवर एक धडा वाचून घ्यायला सांगा. गावभागातून हलायलाही त्यांना मग एक कारण मिळेल.

सामान कमी आणा. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टची, त्यामुळे मिक्सर, इस्त्री पिन बदलून चालतात, पण वॉशिंग मशीन, गाद्या, टीव्ही तिथेच द्या. मुलांची पुस्तकं, सायकली, त्यांच्या खोलीतल्या चार ओळखीच्या वस्तू आणा. मुलांना त्यांचा फार आधार होतो. जहाज न्हावाशेवाला येतं आणि सोडवताना तुमचा मूळ पासपोर्ट लागतो, म्हणून आधी तुम्ही, मग सामान. सीमाशुल्काच्या सवलतीच्या मर्यादा बदलत असतात, खात्याच्या संकेतस्थळावर ताज्या बघा. खोक्यांची यादी मोघम नको, 'किचन आयटम' लिहिलं की खोकं उघडतात. पत्ता अर्थातच विश्रामबागेचा द्या.

दवाखान्याचं तुम्हाला मी काय सांगणार, तरी मुलांची टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए ची लस जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) साधारणपणे फुकट मिळते, ती निघण्याआधी द्या. पुरानंतर सांगलीत काय काय पसरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एनएचएस अ‍ॅपमधल्या चौघांच्या नोंदी उतरवून घ्या, लसींचं लाल पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा. आणि इथे काम करायचं असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का ते पाहा.


प्रतिसाद: जमाखर्च

थोडक्यात. परत आल्यावर एनआरई आणि एनआरओ ही अनिवासींची खाती निवासी करावी लागतात, बँकेला कळवणं तुमची जबाबदारी. एफसीएनआर ठेव (अनिवासींची परकीय चलनातली) मुदतीपर्यंत राहू देता येते. पौंड पौंडातच ठेवायचे असतील तर आरएफसी (परतलेल्यांसाठीचं परकीय चलनाचं) खातं उघडा. मागच्या दहापैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी होतात, त्यामुळे सुरुवातीची दोनेक वर्षं आरएनओआर (निवासी, पण सामान्य निवासी नाही) हा करासाठीचा दर्जा मिळेल. त्या काळात तिकडच्या व्याजावर इथे कर नाही. तो संपला की परदेशातली प्रत्येक मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. आयसा चालू ठेवता येते, पण तिथलं निवासीपण गेलं की नवीन पैसे भरता येत नाहीत आणि इथे ती करमुक्तही नाही. आरएनओआर आहे तोवर तिचा निर्णय घ्या.

तिकडे पी८५ फॉर्म (देश सोडल्याचं कर खात्याला कळवायचा) भरा, जादा कापलेला कर परत मिळू शकतो. तुम्ही निघण्याची तारीख तिथल्या कौन्सिलला (पालिकेला) कळवा. एनएचएस पेन्शन दोन वर्षांपेक्षा जास्त नोकरी असल्याने काढून घेता येणार नाही, तशीच राहील. ब्रिटनच्या सरकारी पेन्शनला किमान दहा वर्षांचा भरणा हवा, आणि भारतात राहणाऱ्यांची ती दरवर्षी वाढत नाही. यूकेचा मोबाइल नंबर स्वस्तातल्या सिमवर जिवंत ठेवा. बँक, कर खातं, पेन्शन, सगळ्यांचे ओटीपी त्याच्यावर येतात.


प्रतिसाद: कृष्णाकाठची

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला हा धागा वाचून दाखवला. हळदपेठ यांचं 'एक खोली पहिल्या दिवसापासून त्यांची' हे त्याला पटलं. त्याने आज सासऱ्यांना फोन करून उंबऱ्याचा आकडा विचारला. सासऱ्यांनी तो क्षणात सांगितला, आणि वर विचारलं, "घर बघताय ते कितव्या मजल्यावर?" नकार नाही, एवढ्यानेच मला हुरूप आलाय. सासूबाईंशी तो रविवारी बोलणार आहे. मामेसासरे उद्यापासून घरं बघतायत.

शाळेला पत्रासाठी मेल केली. सेमी इंग्रजीचा पर्याय आमच्या डोक्यातच नव्हता.

आयएलआरबद्दल कुणी बोललं नाही. तंतुवाद्य, तुम्ही काय केलंत?


प्रतिसाद: तंतुवाद्य

जाऊ दिलं. सलग दोन वर्षं बाहेर राहिलं की ते संपतं. मध्ये एक चक्कर मारून टिकवता येईल असं सांगणारे भेटतील, पण सीमेवर तुम्ही राहायला येताय की नुसतं भेटायला, हे विचारू शकतात. पुढे कधी खरंच परत स्थायिक व्हायचं ठरलं तर रिटर्निंग रेसिडेंट व्हिसासाठी अर्ज करता येतो, मात्र तो मिळेलच असं नाही. तुमच्या धाकट्याला त्याचा ब्रिटिश पासपोर्ट आहेच. मोठीला शिकायला जायचं झालं तर ती इथल्या बाकी मुलांसारखी व्हिसा काढून जाईल. तिकिटांवर घालायचे ते पैसे मी सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला घातले.


प्रतिसाद: हळदपेठ

ताई, मुंबईहून सांगली एका दमात करू नका. पुण्यात रात्र काढा आणि सकाळी निघा. पेठ नाक्याला वळण्याआधी आयर्विनची पातळी मोबाइलवर बघा. घर ठरलं की कोणत्या भागात ते इथे लिहा, पाणी, पार्किंग आणि शाळेच्या गाड्यांचं मी विचारून सांगतो.