निहाली नुसती रेकॉर्ड करून वाचेल का?

सातपुडा_वाट: बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत निहाली बोलतात. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. शेजारची कोरकू मुंडा भाषाकुळातली, पण निहालीला जगात सख्खं नातलग सापडलेलं नाही. एकाला ‘बिदुम’ हा शब्द तिचा स्वतःचा, दोन ते चार द्राविडी वळणाचे, त्यापुढचे बहुतेक मराठी-हिंदीसारख्या भाषांकडून घेतलेले. केवढा जुना शेजार त्या आकड्यांत साठलाय! आणि १९७१ पासून जनगणना दहा हजारांखालच्या भाषा वेगळ्या दाखवतच नाही. शब्दकोश हवाच, पण आधी अंगणवाडीत निहाली बोलणाऱ्या आज्यांना मानधन द्या. न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींनी १९८२ पासून ‘कोहंगा रेओ’ या आपल्या भाषेतल्या बालवाड्यांमध्ये असंच केलं, आजी-आजोबा आणि तान्ही पोरं एकत्र.

रोखठोक_विदर्भ: माओरी लाखांत आहेत, १९८७ मध्ये त्यांच्या भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला. इथे मजुरीवर जगणारी घरं आहेत. कामाला बाहेर पडलं की मराठी-हिंदीच लागते. आपली मुलं इंग्रजी शाळेत घालायची आणि भाषा जपायचं ओझं त्यांच्या डोक्यावर द्यायचं, हे मला पटत नाही. नोंद करून ठेवा, तेवढं पुरे.

शाळेतली_बाई: मी मेळघाटात शिकवलंय. पहिलीतली एक कोरकू मुलगी दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हती. खिचडी शिजवणाऱ्या मावशी तिच्याशी कोरकूत बोलायला लागल्या आणि पोर खुलली. वर्षअखेरीस मराठी वाचत होती. घरच्या भाषेमुळे मराठी अडत नाही हो.

रोखठोक_विदर्भ: बाई, तुमचा अनुभव मान्य. पण कोरकू बोलणारे सात लाखांवर आहेत. निहाली मूल घराबाहेर पडताच कोरकू-मराठी ऐकतं, ते वर्गात गप्प बसणार नाही. आणि निहाली लोकांना कुणी विचारलंय का?

सातपुडा_वाट: विचारायलाच हवं, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. पण “नोंद पुरे” हे नाही पटत. अंदमानातल्या बो भाषेच्या शेवटच्या जाणकार, बोआ सीनियर, २०१० मध्ये गेल्या. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित आहे, पण शेवटी शेवटी त्यांच्याशी बो भाषेत बोलणारं माणूस उरलं नव्हतं. निहालीत आज आजी हाक मारते आणि नातवंड ओ देतं. गावसभेत निहालीतूनच विचारू: अंगणवाडीत रोज दोन तास तुमची भाषा चालेल का? नको म्हणाले तर मी माझी मागणी मागे घेईन.