मदत हवी आहे: काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) न घालवता कसे काढावेत?

पारिजात:
नमस्कार मंडळी. बाबांनी निवृत्तीनंतर, 2016 साली, काळी सेडान घेतली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी आपण होऊन गाडी चालवणं थांबवलं आणि गेल्या महिन्यात किल्ली माझ्या हातात दिली. गाडी 58 हजार किलोमीटर चालली आहे, इंजिनाची काही तक्रार नाही. प्रश्न रंगाचा आहे. सावलीत ती काळी दिसते, उन्हात राखाडी. रात्री पार्किंगच्या दिव्याखाली बोनेटवर गोल गोल जाळं दिसतं, दिव्याभोवती कोळ्याने विणल्यासारखं.

कारण मला ठाऊक आहे. बाबा रोज सकाळी सहाला, चहाच्याही आधी, खाली जाऊन जुन्या बनियनच्या फडक्याने कोरडी धूळ पुसायचे. नऊ वर्षांत फार तर चार-पाच खाडे झाले असतील. गाडीवर इतका जीव दुसऱ्या कुणी लावलेला मी पाहिलेला नाही, आणि हे ओरखडे त्याच हाताने पडलेत हे त्यांना सांगायची माझी हिंमत होत नाही.

आणखीही दुखणी आहेत. आम्ही नाशिकला राहतो, सोसायटीत बोअरचं पाणी, त्यामुळे डिकीवर आणि काचांवर पांढरे ठिपके बसलेत. दसऱ्याला पुढे हार बांधतो, त्याच्या दोऱ्याने बोनेटच्या टोकाला दोन पट्टे उठलेत. मागच्या डाव्या दारावर कुणीतरी किल्लीने हातभर रेघ ओढली आहे, तिच्यात मधूनमधून करडं दिसतं.

दोन ठिकाणी विचारलं. एकाने डिकीचा कोपरा दहा मिनिटांत रबिंग करून आरशासारखा करून दाखवला. मी खूश झाले, पण दोन धुण्यांनंतर सगळे ओरखडे परत जागेवर! दुसरीकडे 22 हजारांचं '9 एच सिरॅमिक' (रंगावर द्यायचा कडक पारदर्शक लेप) सांगितलं, दगडाने घासलं तरी ओरखडा पडणार नाही म्हणाले. कुणावर विश्वास ठेवू? मला गाडी शोरूममधल्यासारखी नको आहे. बाबा खाली आले की त्यांना ती काळी दिसली पाहिजे, आणि अजून दहा वर्षं रंग टिकला पाहिजे. पावसाळ्याआधी काय काय करावं?

गॅरेजवाला_आप्पा:
ताई, कोल्हापुरात अकरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या कोपऱ्याचं. तिथे ओरखडे निघाले नव्हते, बुजले होते. तेलकट, मेणकट पॉलिश चरात बसतं आणि उजेड सरळ परततो. शाम्पूने ते निघालं की चर उघडे. यावर उपाय म्हणजे पॉलिश केल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी एकत्र करून ती जागा पुसायला लावा. पुसल्यावरही साफ दिसली तरच खरं काम झालं. जो पुसू देत नाही त्याच्याकडे गाडी देऊ नका.

जाळं गोल दिसतं म्हणून ओरखडे गोल नसतात. ते सगळ्या दिशांनी पडलेले असतात, पण दिव्याच्या उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात. दिवा हलवा, जाळंही हलेल.

आता जाडी. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेला सगळा थर मिळून बहुतेक गाड्यांवर 90 ते 140 मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट 35 ते 50 च्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. पॉलिश म्हणजे हाच थर ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. ऊन अडवणारं रसायनही त्याच थरात असतं. तो फार पातळ झाला की टपावर आणि बोनेटवर पांढरे चट्टे पडून पोपडे सुटतात, मग पुन्हा रंगकामाशिवाय इलाज नाही. म्हणून प्रत्येक ओरखड्याच्या मागे लागू नका. दहातले आठ गेले तरी गाडी काळी दिसते.

ओरखडा किती खोल हे घरीच बघा. त्यावर पाणी टाका. दिसेनासा झाला तर वरचा आहे. नख आडवं फिरवा. अडकलं तर पॉलिशच्या आवाक्याबाहेर. करडं दिसतंय म्हणजे प्रायमर उघडा पडलाय, तिथे टच-अपच, म्हणजे तेवढ्या रेघेत रंग भरणं. पावसाळ्याआधी तेवढं आधी करा, पत्रा उघडा असेल तर गंज रंगाखालून पसरत जातो.

कामाआधी मीटरने जाडी मोजून घ्या. मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि साधं मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. तरी कुठे हात आखडायचा ते त्यावरून कळतं.

सह्यभटक्या:
मी पुण्यात तीन वर्षांपूर्वी सिरॅमिक करून घेतलं. पाणी मोत्यासारखं घरंगळतं, धुणं निम्म्या वेळात होतं, कावळ्याची घाण लवकर सुटते. एवढं मनापासून सांगेन. पण ओरखडे पडतच नाहीत हे खोटं. पहिल्याच वर्षी सोसायटीतल्या एकाच फडक्याने वीस गाड्या पुसल्या गेल्या, त्यात माझीही होती, आणि दारांवर परत बारीक रेघा आल्या. ते 9 एच म्हणजे पेन्सिलच्या शिशाची मोजपट्टी आहे. धुळीतला वाळूचा कण त्याहून कितीतरी कठीण असतो.

दगडापासून वाचवणारी एकच गोष्ट माझ्या पाहण्यात आहे, पीपीएफ. पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म, साधारण दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाड. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने भरून येतात. पण महाग पडते. तुमचं हायवेवर फार जाणं नसेल तर आवश्यक नाही.

पारिजात:
आप्पा, सह्यभटक्या, दोघांचेही आभार. तुम्ही सांगितल्यावर मीटर असलेलं दुकान शोधलं. टप 118 मायक्रॉन, बोनेट 104 ते 109, डिकी 112, उजवी दारं 110 च्या आसपास. मागचं डावं दार मात्र 236! बाबांना विचारलं तर म्हणाले, "2019 ला रिक्षा घासली होती, तुला सांगितलं नव्हतं."

डिकीचा तो रबिंग केलेला कोपरा फक्त 91 आहे. फार काढलं गेलं का? सिरॅमिकचं खूळ मी तूर्त डोक्यातून काढलंय. दिवाळीत भावाने भेट दिलेलं ड्युअल ॲक्शन पॉलिशर घरात पडून आहे. ते मी स्वतः वापरू शकते का?

गॅरेजवाला_आप्पा:
91 वाल्या कोपऱ्याला आता मशीन लावू नका. कडा, कोपरे आणि पत्र्याला दुमड आहे तिथे थर मुळातच पातळ असतो. अशा ठिकाणी चिकटपट्टी लावूनच काम करा. डावं दार परत रंगवलेलं आहे, तिथला क्लिअर कोट मऊ असू शकतो, त्यामुळे त्याची चाचणी वेगळी घ्या.

ड्युअल ॲक्शन नवख्यालाही जमतं, कारण पॅड फिरता फिरता हलतंही, एका जागी उष्णता साठत नाही. फक्त एका फिरकीचं रोटरी हातात घेऊ नका. त्याने चर जातात, पण उन्हात दिसणारे होलोग्राम, म्हणजे मशीनच्या फिरकीचे चमकणारे पट्टे, मागे राहतात.

मे महिना आहे, तेव्हा पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, पत्रा हाताला गार लागला तरच काम करा. आधी नीट धुवा. मग आयर्न रिमूव्हर मारा, ब्रेकच्या लोखंडी कणांवर तो जांभळा होतो. वाळू न देता धुवून टाका. त्यानंतर ओल्या पत्र्यावर हलक्या हाताने क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा. तो खाली पडला तर टाकून द्या, धूळ चिकटलेला क्ले म्हणजे पॉलिशपेपरच. पांढऱ्या ठिपक्यांना निम्मं पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर, मिनिटभर, लगेच धुवायचं. तरीही राहिले तर खाऱ्या पाण्याने क्लिअर कोट खाल्लाय, ते पॉलिशने जातील तेवढेच जातील.

मग टपाच्या सपाट भागावर दोन फूट बाय दोन फूट जागा घ्या. सगळ्यात मऊ फोम पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश. हात सावकाश, आडवे-उभे चार फेरे. अल्कोहोलने पुसा, मोबाइलच्या दिव्याने बघा. नाही भागलं तर एक पायरी जहाल. उलट्या क्रमाने जाऊ नका, काढलेला थर परत घालता येत नाही. एका जागेला जे लागू पडलं तेच पुढे वापरा.

त्यावर सिंथेटिक सीलंट (रंगाचं रक्षण करणारा पातळ लेप) लावा, चार-सहा महिने टिकतं आणि कुणालाही जमतं. मेण महिना-दोन महिने. सिरॅमिक नंतर कधीही करता येईल.

पारिजात:
दोन पहाटा लागल्या. टपावर मऊ पॅड कमी पडलं, मधल्या पॅडने जमलं. अल्कोहोलने तीनदा पुसलं, जाळं परत आलं नाही. बोनेटवर हाराच्या दोऱ्याचे पट्टे अंधूक राहिलेत, बोनेटवर थर कमी होता म्हणून ते तसेच सोडले. दाराच्या रेघेसाठी दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून रंगाचा नंबर घेतला आणि टूथपिकच्या टोकाने थोडा थोडा रंग भरला. जवळून दिसते, पण पत्रा झाकला गेला.

दुसऱ्या दिवशी बाबा सहाला खाली आले, हातात फडकं. गाडीभोवती एक फेरी मारली आणि बोनेटमध्ये वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "यावर फडकं मारू का नको?" मला उत्तर देता आलं नाही. आप्पा, त्यांची सकाळची वेळ मला मोडायची नाही. त्यांच्या हातात काय देऊ?

गॅरेजवाला_आप्पा:
रिन्सलेस वॉश द्या, म्हणजे पुसल्यावर परत पाण्याने धुवावं लागत नाही असं औषध. अर्धी बादली पाण्यात झाकणभर औषध, आणि सहा-सात जाडसर मायक्रोफायबर टॉवेल. आधी फवारणी करून धूळ मिनिटभर भिजू द्यायची. टॉवेल चार घड्या करून घ्यायचा, एका दिशेने एकदाच ओढायचा, मग स्वच्छ बाजू वर. सगळ्या बाजू मळल्या की तो बाजूला, नवा घ्यायचा. वापरलेला परत बादलीत नाही. बोअरचं पाणी घेऊ नका, प्यायच्या फिल्टरचं घ्या, अर्धीच तर बादली आहे. चिखल उडालेला असेल त्या दिवशी मात्र आधी पाण्याच्या झोताने धुवायचं.

रोज सगळी गाडी पुसायची गरज नाही. काकांना म्हणावं सोमवारी टप आणि बोनेट, मंगळवारी उजवी बाजू, असं वाटून घ्या. आणि टॉवेल जमिनीवर पडला की तो चाकांसाठी.

पारिजात:
सोमवारपासून सुरू. टॉवेल बाबांनी स्वतः धुवून दोरीवर घातलेत, चाकांचा वेगळा.