आखडलेला खांदा: कोल्हापूरकरांनो, तुमचा अनुभव सांगा

डाव्या खांद्याचं दुखणं नेमकं कधी सुरू झालं, हे मला आजही सांगता येत नाही. पडले नाही, कुठं आपटले नाही. श्रावणात खांदा नुसता जड वाटायचा. दसऱ्यापर्यंत वेणी घालता येईना. दिवाळीच्या पहाटे पाठीमागचा हुक लावायला हात मागं नेला आणि अशी कळ निघाली की मी तशीच पलंगाच्या कडेला बसून राहिले. घरभर उटण्याचा वास, बाहेर पोरांचे फटाके आणि आत मी एका हुकापायी रडतेय. शेवटी लेकीनं येऊन हुक लावला. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी ती माझ्या खोलीत डोकावायला लागली.

मी ५१ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहायला शिवाजी पेठेत. तीन महिने मी बाम, शेक आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर काढले. कुणी म्हणालं वायू धरलाय, कुणी म्हणालं झोपेत हात अवघडला असेल. हाताला प्लॅस्टर नाही, सूज नाही, त्यामुळं दुखतंय म्हटलं तरी समोरच्याला ते खरं वाटत नाही. स्टाफरूममध्ये कपाटाच्या वरच्या खणातली हजेरीपुस्तकं काढायला दुसऱ्या बाईंना सांगावं लागायचं. त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी मला दुखण्याइतकीच लागायची.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत निदान केलं. म्हणाले, "हात सैल सोडा, मी उचलतो." त्यांनी कोपराला धरून हात वर न्यायला सुरुवात केली आणि अर्ध्या वाटेतच तो अडला. त्यापुढं हाताऐवजी माझा अख्खा खांदाच कानाकडं चढायला लागला. कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितलं, तर तो जागचा हलेचना. एक्स-रे स्वच्छ आला. मग त्यांनी विचारलं, "साखर कधी तपासलीय?" मी कधीच तपासली नव्हती. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.६ टक्के निघाली. खांद्यानंच माझा मधुमेह पकडून दिला म्हणायचं.

सांध्यात एक इंजेक्शन झालं. दुखणं बरंच उतरलं, पण चार-पाच दिवस साखर वर गेली होती. तसं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. आता नववा महिना चालू आहे.

ज्यांना हा त्रास झालाय, होतोय किंवा घरात कुणाला आहे, त्यांनी मोकळेपणानं लिहा. कशानं उतार पडला ते लिहाच, पण कशानं वाढलं तेही लपवू नका. आणि रात्री कशा काढल्या ते नक्की सांगा. दिवस कसाही जातो हो, रात्र जात नाही.

*

उद्यमनगर, वय ५६

बाई, नमस्कार. मी ३० वर्षं लेथवर काम करतोय. उजवा खांदा गेला होता. चकमध्ये जॉब बांधून चावी आवळायची म्हटलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची.

आपल्या कोल्हापुरात खांदा दुखतोय म्हटलं की दहातले आठजण एकच सांगतात, तालमीकडं जा आणि रगडून घे. लाल मातीचं गाव, त्यामुळं आपला त्यावर विश्वासही असतो. मी तालमीत नाही गेलो, हाड बसवून देणाऱ्या एकाकडं गेलो. त्यानं तेल लावलं, बगलेत गुडघा दिला आणि हात हिसडला. आतून काहीतरी फाटल्यासारखं झालं. त्यानंतर १५ दिवस मला आडवं होता आलं नाही. खुर्चीत बसून, मांडीवर दोन उशा आणि त्यावर हात, अशा रात्री काढल्या. पहाटे तीनला उठून मालकीणबाई चहा करून द्यायची आणि समोर बसून राहायची.

त्यानंतर आमच्या गल्लीतल्या एका जुन्या पैलवानांनी मला वाटेत गाठलं. वय ७५ च्या पुढं, कान मोडलेले. त्यांनी खांद्यावर नुसता हात ठेवला आणि म्हणाले, "पोरा, हे लचकल्यालं न्हवं. लचकल्यालं रगडून सुटतंय. ह्यो सांधा आवळलाय, ह्याला हिसका द्यायचा नस्तोय. दवाखान्यात दाखीव." मालिश करणाऱ्या सगळ्यांना मी दोष देणार नाही, कारण त्या म्हाताऱ्या माणसाच्या हातानंच मला वाट दाखवली. पण दुखणं ऐन भरात असताना कुणाला हात ओढू देऊ नका, एवढं कळवळून सांगतो.

रात्रीसाठी: दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही. उताणं झोपायचं असेल तर कोपराखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे हात मागं लोंबत नाही. चांगल्या कुशीवर झोपलात तर पोटाशी जाड उशी धरून तिच्यावर दुखरा हात ठेवा. माझी झोप एवढ्यानं दोन तासांवरून चार तासांवर आली.

*

राजारामपुरी, फिजिओथेरपिस्ट

वरचा अनुभव माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी पेशंटचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. ती सैल असते म्हणूनच हात चहूकडं फिरतो. या आजारात ती आधी सुजते, मग जाड होऊन आक्रसते, खादीचा सदरा पहिल्या पाण्यात आटावा तशी. अमेरिकन सर्जन कॉडमन यांनी १९३४ साली याला फ्रोझन शोल्डर हे नाव दिलं. वाकून हात झोपाळ्यासारखा हलवायचा जो व्यायाम आम्ही सगळ्यांना देतो, तोही त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

साधारण तीन टप्पे असतात. पहिला दुखण्याचा, दीड महिन्यापासून नऊ महिन्यांपर्यंत. दुसरा आखडण्याचा, चार ते बारा महिने. यात दुखणं कमी होतं, पण हात जाम असतो. तिसरा सुटण्याचा, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. एकूण मुदत ऐकून माणसं खचतात, पण मी ती पहिल्याच दिवशी सांगते. महिन्याभरात बरं होईल म्हणून आलेला माणूस दुसऱ्या महिन्यात व्यायाम सोडतो.

पहिल्या टप्प्यात फक्त हलकं काम करायचं. चांगल्या हातानं टेबलाचा आधार घेऊन वाका, दुखरा हात खाली सोडा आणि अंगाच्या झोक्यानं तो पुढं-मागं, मग लहान गोलात फिरू द्या. हात उचलायचा नाही, नुसता लोंबू द्यायचा. दुसऱ्या टप्प्यापासून ताण द्यायचा. भिंतीवर बोटं चालवत वर जा आणि जिथं अडाल तिथं पेन्सिलीनं खूण करून तारीख घाला. कोपर कुशीला धरून दोन्ही हातांत काठी घ्या आणि चांगल्या हातानं दुखरा पंजा बाहेर ढकला. लाटणंही चालतं. हा व्यायाम लोक टाळतात, आणि नेमकी तीच हालचाल सगळ्यात आधी गेलेली असते. व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं शेक घ्या. साखर असणाऱ्यांनी शेकाची पिशवी आधी चांगल्या हाताला लावून बघावी, त्वचा बधिर असेल तर भाजतं.

माप एकच सांगते. व्यायामानंतरची ठणक अर्ध्या तासात शांत झाली तर बरोबर चाललंय. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, पण बंद करू नका. आणि हात गळ्यात बांधून ठेवू नका.

मधुमेह असणाऱ्या १०० जणांत १० ते २० जणांना आयुष्यात कधीतरी हे होतं, एरवी २ ते ५ जणांना. थायरॉइडवाल्यांनाही जास्त होतं. म्हणून चाळिशीनंतर खांदा आखडला तर दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात.

*

कागल तालुका

आमच्या आत्याबाई म्हणजे सासूबाई, वय ६२. घरात तीन म्हशी. धार कशीबशी काढायच्या, पण वैरणीचा भारा डोक्यावर घेता येईना. "आगं, ह्यो हात माझा न्हाईच असं वाटायलंय," म्हणायच्या. कोल्हापूरला सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथं व्यायामाला दोरी आणि कप्पी लावलेली होती, ती बघून आत्याबाई हसल्या. येताना बसमध्ये म्हणाल्या, "ह्यापायी रोज कोल्लापूर गाठायचं व्हय?"

दुसऱ्या दिवशी मालकांनी गोठ्यातल्या तुळईला जुन्या आडावरची कप्पी टांगली आणि तिच्यातनं दावं ओवलं. खाली स्टूल. चांगल्या हातानं दावं ओढायचं की दुखरा हात आपसूक वर. घड्याळ त्या बघत नाहीत. म्हशी आंबोण खाऊन घमेलं चाटेपर्यंत ओढत बसायचं, सकाळ-संध्याकाळ. आधी हात छातीपर्यंत यायचा. मग हनुवटीला लागला. संक्रांतीला त्यांनी सुगडं पुजताना त्याच हातानं स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मला हाक मारून दाखवलं. भारा अजून मीच आणते.

*

कसबा बावडा

एक सावधगिरी. मी गाडीवरून घसरलो, खांदा दुखायला लागला, आणि मीच ठरवून टाकलं की फ्रोझन शोल्डर आहे. इकडून तिकडून विचारून दोन महिने ताणाचे व्यायाम केले. माझा हात मला उचलता येत नव्हता, पण डॉक्टरांनी उचलला की पूर्ण वर जात होता. बाईंच्या अगदी उलट. एमआरआयमध्ये स्नायूची दोरी फाटलेली निघाली. पडल्यानंतर खांदा दुखत असेल तर घरच्या घरी निदान करू नका. आणि डाव्या हातात कळ येऊन घाम फुटला, छाती भरून आली, तर तो खांदा समजून शेकत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

*

केएमटीतून निवृत्त, वय ६०

मी कंडक्टर होतो. डाव्या हातानं वरचा दांडा धरायचा आणि उजव्यानं तिकिटं द्यायची, यात आयुष्य गेलं. साखर २० वर्षांची. डावा खांदा १४ महिने जाम होता. दोन इंजेक्शनं झाली, दोन्ही वेळा दीड-दोन महिने बरं वाटलं आणि परत तेच. व्यायाम प्रामाणिकपणे केला, तरी हात खांद्याच्या वर जाईना.

शेवटी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. छोट्या छिद्रांतून आवळलेली पिशवी आतून सोडवतात. नुसती भूल देऊन हात मोकळा करायचाही एक प्रकार असतो, पण हाड ठिसूळ असलं तर मोडायचा धोका असतो, म्हणून माझ्या डॉक्टरांनी तो टाळला. शुद्धीवर आलो तेव्हा हात बधिर होता. डॉक्टरांनी तो उचलून कानाला लावून दाखवला आणि म्हणाले, "बघून ठेवा, हा इथंपर्यंत जातो. आता तो इथंपर्यंत ठेवायचं काम तुमचं." बधिरपणा उतरल्यावर ती रात्र फार वाईट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम सुरू. सहा आठवडे रोज डोळ्यांतून पाणी काढून केला. बहुतेकांना शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागत नाही. पण ज्यांना जावं लागेल त्यांनी एवढं ध्यानात ठेवा, की नंतरचा व्यायाम होणार नसेल तर खर्च आणि कळ दोन्ही वाया.

*

मंगळवार पेठ

आमच्या वैद्यांनी याला अवबाहुक म्हटलं. तेलाचं अभ्यंग, निर्गुंडीच्या पाल्याचा शेक आणि सकाळी नस्य, म्हणजे नाकात औषधाचे थेंब. मला झोप लागायला लागली आणि आखडलेली मान सैल झाली, हे खरं. हात मात्र भिंतीवरच्या व्यायामानंच वर गेला. वैद्यांनीही व्यायाम सोडू नका असंच बजावलं होतं.

*

शाहूपुरी

माझं थोडं वेगळं आहे. स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि त्या बाजूचा हात मी भीतीनं तीन महिने अंगाशी धरून ठेवला. टाके उसवतील, नस तुटेल, काय काय मनात यायचं. डॉक्टरांनी व्यायामाचा कागद दिला होता, तो मी फाइलमध्ये ठेवून दिला. पुढं रेडिएशनला हात डोक्यावर ठेवून झोपायचं असतं, आणि माझा हात जाईचना. ते थांबवून आधी खांद्यावर काम करावं लागलं. कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालं असेल तर त्या बाईला त्या कागदाची आठवण करा. तिच्यासोबत उभं राहून करा. एकटीनं करवत नाही.

*

शिवाजी पेठ (मीच, पुन्हा)

सगळ्यांचं सगळं दोनदा वाचलं. शाहूपुरीच्या ताई, तुमचं वाचून लेकीला जवळ बसवलं आणि तिलाही वाचायला दिलं.

माझा हात आता मागं कमरेच्या वरच्या मणक्यापर्यंत जातो. गेल्या सोमवारी हुक स्वतः लावला, तिसऱ्या प्रयत्नात. लेक दारात उभी होती, तिला म्हटलं, तू जा, तुझी बस चुकेल.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. फळ्याच्या अगदी वर आम्ही वार, दिनांक आणि सुविचार लिहितो. गेले १५ दिवस तिथं खडू टेकवताना उजवा खांदा ओढल्यासारखा होतोय. काल चौथीच्या एका उंच मुलाला लिहायला सांगितलं. तो पळत आला आणि सुवाच्य अक्षरात लिहून गेला. मी मात्र तिथंच खडू घेऊन उभी राहिले. दोन्ही खांदे कुणाला झालेत का?

*

राजारामपुरी, फिजिओथेरपिस्ट

होतात, बाई. काहींना पुढच्या काही वर्षांत दुसरा खांदाही धरतो, साखर असेल तर जास्त. एकदा सुटलेला खांदा मात्र सहसा परत धरत नाही. आरशासमोर उभ्या राहा, दोन्ही कोपरं कुशीला टेकवा आणि पंजे बाहेर वळवा. उजवा पहिल्यासारखा जातोय का बघा.

*

उद्यमनगर, वय ५६

बाई, मागच्यासारखे तीन महिने घालवू नका. उद्याच दाखवा.

*

शिवाजी पेठ

आरशात बघितलं. उजवा दोन बोटं कमी जातोय. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेअकराचा नंबर लावलाय. साखरेची फाइल पिशवीत भरली. लेक म्हणाली, या वेळी मी पण येते.