जखमा नाहीत म्हणजे अपिलात सुटका?

बलात्काराच्या खटल्यात 'मेडिकलमध्ये जखमा नाहीत, म्हणजे अपिलात आरोपी सुटणारच', असं म्हणणं चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या गुरमीत सिंग (1996) निकालात हे पक्कं आहे: पीडितेची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावरही शिक्षा टिकते.

पुण्याच्या शिवाजीनगर सत्र न्यायालयाच्या निकालावरचं अपील मुंबई उच्च न्यायालयात जातं. तिथे पीडिता सहसा पुन्हा उभी राहत नाही. समोर असतं ते पेपरबुक, म्हणजे खालच्या कोर्टातल्या साक्षी-कागदपत्रांचा संच. म्हणून खरी लढाई उलटतपासातल्या विसंगतींची. फिर्यादीत 'साडेआठ' आणि कोर्टात 'नऊ', याला कोणी फारसं विचारत नाही. पण आरोपीचं नाव किंवा मुख्य कृत्यच पहिल्यांदा कोर्टात आलं, तर ती गंभीर उणीव. अर्थात, विसंगती सिद्धही करावी लागते! पोलिस जबाबातला नेमका भाग साक्षीदाराला दाखवून 'अ' अशी खूण करायची, मग तपास अधिकाऱ्याकडून तो शाबीत करून घ्यायचा. ही दुसरी पायरी बऱ्याचदा राहून जाते, आणि अपिलात ती विसंगती वाचताच येत नाही.

मॅजिस्ट्रेटसमोरचा सीआरपीसी कलम 164 चा जबाब (आता बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 183) हाही पोलिस जबाबासारखाच मूळ पुरावा नव्हे. पीडिता कोर्टात फिरली तर केवळ त्यावर शिक्षा होत नाही.